संकल्पातले १९७ कोटी आणि कातळातले सहा कोटी

मुलुंडच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गणपतीच्या पूजेत गुरुजींनी संकल्प सांगितला, तेव्हा आजोबांनी दहावीतल्या नातवाला त्याचा हिशेब समजावून दिला: सृष्टीला १९७ कोटी वर्षे झाली. शाळेच्या पुस्तकात पृथ्वी साडेचारशे कोटींची आणि विश्व १३८० कोटींचे. मामाने लगेच फॉरवर्ड पाठवला की कल्प ४३२ कोटींचा असतो, म्हणजे विज्ञान आता कुठे आपल्यापर्यंत पोचले. मुलगा म्हणतो, तिघांपैकी दोघे चुकताहेत. ताई विचारतात की त्याला काय सांगायचे, आणि कार्बन डेटिंगवर कितपत भरवसा ठेवायचा.

ताई, तुमचा प्रश्न 'कोणता आकडा खरा' असा दिसतो, पण अडचण आकड्यांची नाही. हे तीन आकडे तीन वेगळ्या कामांसाठी तयार झाले आहेत आणि घरात ते एकाच तराजूत टाकले जात आहेत. खडकांची वये काढणाऱ्यांना कोणताही आकडा दिसला की दोन गोष्टी आधी विचारायची सवय असते: हा काढला कसा, आणि चुकला असेल तर ते कळणार कशावरून? तेच दोन प्रश्न तिन्ही आकड्यांना विचारू.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. तुमच्या घरात हा मेळ कितपत बसेल, हे आजोबा संकल्पाकडे कसे पाहतात यावर आहे. तो त्यांच्यासाठी उपासनेचा भाग असेल तर भांडण जवळजवळ उरत नाही. पण त्यातले प्रत्येक वर्ष त्यांना घड्याळाने मोजलेले वर्ष वाटत असेल, तर मतभेद खरा आहे आणि तो गोड बोलून मिटणार नाही.

आता वही घ्या. संकल्पात श्वेतवाराहकल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे युगचतुष्क, कलियुगाचा प्रथम चरण असा क्रम येतो. एक महायुग ४३,२०,००० वर्षांचे. त्यात कृत १७,२८,०००, त्रेता १२,९६,०००, द्वापर ८,६४,००० आणि कली ४,३२,०००. एकाहत्तर महायुगांचे एक मन्वंतर, म्हणजे ३०,६७,२०,००० वर्षे. आतापर्यंत सहा मन्वंतरे सरली: १८४,०३,२०,०००. मन्वंतरांच्या सांध्यांवर कृतयुगाएवढे सात संधिकाल: १,२०,९६,०००. चालू मन्वंतरातली सत्तावीस महायुगे: ११,६६,४०,०००. अठ्ठाविसाव्यातली पहिली तीन युगे: ३८,८८,०००. वर कलियुगाची पाच हजार शंभरपेक्षा थोडी जास्त. बेरीज १९७ कोटी २९ लाख ४९ हजारांच्या घरात जाते. आजोबांचा हिशेब चोख आहे.

पण हीच बेरीज संधिकाल सोडून केली तर १९६ कोटी ८ लाख येते, आणि आर्यसमाजी मंडळी हाच आकडा वापरतात. सूर्यसिद्धांत हा ग्रहगणिताचा जुना ग्रंथ सृष्टीच्या रचनेत गेलेला काळ म्हणून १,७०,६४,००० वर्षे वजा करतो, मग उत्तर १९५ कोटी ५८ लाखांवर येते. आर्यभटाने तर मन्वंतर बहात्तर युगांचे धरले, कल्प १००८ युगांचा केला आणि चारही युगपाद सारखे, १०,८०,००० वर्षांचे मानले. स्मृतींना सोडून गेला म्हणून ब्रह्मगुप्ताने त्याच्यावर टीकाही केली. हे आजोबांना जरूर सांगा, वादात हरवायला म्हणून नव्हे. परंपरेतल्या विद्वानांनीच हे आकडे मोडून-जोडून पाहिले होते, कारण त्यांच्या दृष्टीने ते गणिताचे साधन होते.

साधन कशाचे? ग्रहगणिताचे. सूर्यसिद्धांतात एका महायुगात गुरूच्या ३,६४,२२० आणि शनीच्या १,४६,५६८ प्रदक्षिणा दिल्या आहेत. भागाकार करून बघा: गुरूला ११.८६ वर्षे, शनीला २९.४७ वर्षे. आजची निरीक्षणे ११.८६ आणि २९.४६ देतात. दशांश अपूर्णांक सोयीचे नव्हते त्या काळात इतका बारीक वेग पूर्णांकांत मांडायचा तर खूप मोठा काळ घ्यावा लागतो, म्हणजे सगळ्या ग्रहांच्या फेऱ्या पूर्ण आकड्यात बसतात. महायुग हा तो मोठा छेद आहे. सगळे मध्यम (सरासरी वेगाने चालतात असे मानलेले) ग्रह एका रेषेत धरायचा आरंभबिंदू म्हणून इसवी सनापूर्वी ३१०२ मधला फेब्रुवारी घेतला गेला. आजच्या गणिताने मागे जाऊन पाहिले तर त्या दिवशी ग्रह नेमके एकत्र नव्हते, बऱ्याच अंशांत पसरलेले होते. म्हणजे तो आरंभ आकाशात पाहून टिपलेला नाही, मागे मोजत जाऊन ठरवलेला आहे. गुरु-शनीचे वेग मात्र पाहून मिळवलेले आहेत, आणि खरे कौतुक तिथे आहे. फॉरवर्डवाले नेमके तेच सोडून देतात.

अजून एक खूण. १९७ कोटी २९ लाख ४९ हजार अमुक इतका, शेवटच्या वर्षापर्यंत नेमका आकडा कोणत्याही मोजणीतून निघत नाही. मोजलेल्या आकड्याला चूक चिकटलेली असते. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्कांतल्या शिशावरून पृथ्वीचे वय काढले, तेव्हा ४५५ कोटी, अधिक-उणे ७ कोटी असे लिहिले. 'अधिक-उणे' नसलेला आकडा बहुधा व्याख्येने ठरलेला असतो. तसा असण्यात कमीपणा काही नाही; किलोमीटरचे हजार मीटरही व्याख्येनेच होतात.

म्हणून मुलाला असे सांगा: संकल्प हा पत्ता आहे. जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर हा जागेचा पत्ता. कल्प, मन्वंतर, शक, संवत्सर, मास, तिथी, नक्षत्र हा काळाचा. मी कुठे आणि केव्हा उभा राहून ही पूजा करतो आहे, एवढे त्यात म्हटलेले असते. त्यातली तिथी आणि नक्षत्र पंचांग काढून आज रात्री तपासता येते. वरच्या मजल्यावरचे कल्प-मन्वंतर तसे तपासता येत नाही, आणि पूजेला त्याची गरजही पडत नाही.

मामांच्या फॉरवर्डचे एका परिच्छेदात आटोपतो. ४३२ कोटी ही कल्पाची पूर्ण लांबी आहे, त्यातला सरलेला भाग १९७ कोटी. पृथ्वीचे वय ४५४ कोटी, म्हणजे जुळवायचेच तर ते १९७ शी जुळवायला हवे, आणि तिथे फरक दुपटीहून जास्त आहे. जो ४३२ जुळल्याचा आनंद मानतो, तो रोजचा संकल्प खोटा ठरवतो. शिवाय ब्रह्मदेवाचे शंभर वर्षांचे आयुष्य ३,११,०४,००० कोटी वर्षांचे. इतके वेगवेगळे मोठे आकडे हाताशी असले की एखादा कशाच्या तरी जवळ जाणारच.

आता कातळाकडे, कारण तुमचा दुसरा प्रश्न इथेच अडकला आहे. कार्बन डेटिंगने पृथ्वीचे वय काढत नाहीत. ते शक्यच नाही. कार्बन-१४ वातावरणाच्या वरच्या थरांत नायट्रोजनवर वैश्विक किरणांचा मारा होऊन तयार होतो, झाडे अन्न बनवताना तो हवेतून घेतात, प्राणी झाडे खातात. जीव मेला की पुरवठा बंद होतो आणि दर ५,७३० वर्षांनी उरलेला निम्मा होतो. दहा वेळा निम्मा झाला की हजाराव्या हिश्शाहून कमी शिल्लक राहतो. म्हणून पन्नास हजार वर्षांपलीकडे ही पद्धत आंधळी होते. दगडाला ती लागूच नाही, तो कधी जिवंत नव्हता. 'अमुक मूर्तीचे कार्बन डेटिंग करा' अशी मागणी अधूनमधून होते, तिला काही अर्थ नाही. फार तर मूर्तीखालच्या थरातल्या कोळशाचे किंवा बियांचे करता येते.

तिच्या मर्यादेतही तीन ठिकाणी पाय घसरतो. जुन्या वाड्याची सागवानी तुळई तपासली तर मिळते ते लाकडाचे ते वलय वाढल्याचे साल. वाडा त्यानंतर शंभर-दीडशे वर्षांनीही बांधलेला असू शकतो. समुद्रातल्या शिंपल्याला खोल पाण्यातला जुना कार्बन मिळतो, त्यामुळे कालपरवा मेलेला शिंपलाही सुमारे चारशे वर्षांचा दिसतो आणि तेवढी दुरुस्ती करावी लागते. तिसरे म्हणजे मिसळ. लाखो वर्षे जुन्या, कार्बन-१४ पूर्ण संपलेल्या हाडात आजचा फक्त एक टक्का कार्बन शिरला (मुळे, मातीतल्या कुजक्या पाल्याचे ह्यूमिक आम्ल, चिकटवायला वापरलेला डिंक), तर यंत्र सुमारे ३७ हजार वर्षे दाखवेल. 'डायनासोरच्या हाडाचे वय तीस-चाळीस हजार निघाले' अशा बातम्यांच्या मागे बहुधा हेच असते. आणि कच्चे उत्तर जसेच्या तसे कधी वापरत नाहीत; वातावरणातले प्रमाण शतकाशतकाला बदलत आले आहे, म्हणून झाडांच्या वलयांवरून बांधलेल्या वक्राशी ते ताडून घ्यावे लागते.

खडकांसाठी वेगळी घड्याळे आहेत. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाला पोटॅशियम-आर्गॉन चालते. पोटॅशियम-४० चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, १२५ कोटी वर्षे. त्यातला साधारण दहावा हिस्सा आर्गॉन-४० बनतो, बाकीचा कॅल्शियम. लाव्हा पातळ असताना आर्गॉन वायू निसटून जातो, गोठल्यावर नवा तयार होणारा स्फटिकांत अडकतो. त्या क्षणापासून घड्याळ सुरू. हे तत्त्व सोपे आहे, कष्ट नमुना निवडण्यात आहेत. मुंबई-पुण्याच्या खाणींतल्या बेसॉल्टच्या, म्हणजे याच काळ्या पाषाणाच्या, पोकळ्यांत झिओलाइट हे पांढरे खनिज भरलेले दिसते. ते नंतर पाणी फिरून तयार झालेले, म्हणजे त्या खडकाचे घड्याळ बिघडलेले असण्याची शक्यता मोठी. पोकळ्या नसलेला, तोडल्यावर आतून घट्ट काळा दिसणारा तुकडा घ्यायचा, बाहेरची तांबूस साल पूर्ण काढायची, कुटून चाळून सौम्य आम्लाने धुवायचा. मग वय माहीत असलेल्या प्रमाण-खनिजाबरोबर अणुभट्टीत ठेवायचा. जलद न्यूट्रॉनांमुळे पोटॅशियम-३९ चा काही अंश आर्गॉन-३९ होतो, त्यामुळे पोटॅशियम आणि आर्गॉन दोन्ही एकाच तुकड्यातून एकाच यंत्रावर मोजता येतात. नंतर नमुना साधारण ५०० पासून १४०० अंशांपर्यंत टप्प्याटप्प्याने तापवतात आणि प्रत्येक टप्प्यावर निघालेल्या वायूचे स्वतंत्र वय काढतात.

शंका घेण्याची सोय नेमकी या टप्प्यांत आहे. खडक नंतर कुजला किंवा पुन्हा तापला असेल तर सुरुवातीच्या टप्प्यांना कमी वय येते. बाहेरचा जुना आर्गॉन अडकला असेल तर काही टप्प्यांना अवास्तव जास्त येते. लागोपाठचे अनेक टप्पे, निम्म्याहून जास्त वायू सोडणारे, चुकीच्या मर्यादेत एकच वय देत असतील तरच ते वय धरतात. शिवाय आलेखावरून काढलेले आर्गॉन-४० व ३६ चे मूळ गुणोत्तर हवेतल्या २९८.६ च्या जवळ येते का, हेही पाहतात. नाही आले तर नमुना बाद. असे बाद झालेले नमुने थोडे नसतात.

हवाईत १८००-०१ साली उसळलेल्या लाव्ह्याचे वय कोट्यवधी वर्षे आले, ही गोष्ट धर्म कोणताही असो, सगळ्यांच्या फॉरवर्डमध्ये फिरते. ती मोजणी खरी आहे. पण मोजले गेले ते लाव्ह्याबरोबर खोलातून वर आलेले, न वितळलेले जुन्या खडकाचे गोळे. खिचडीतला न शिजलेला चणा काढून 'खिचडी कच्ची आहे' म्हणण्यासारखे झाले. याच्या उलट उदाहरण व्हेसुव्हियसचे. इसवी सन ७९ मध्ये ज्याने पाँपेई गाडले, त्या उद्रेकातल्या खनिजाला १९९७ मध्ये आर्गॉन पद्धतीने १९२५ वर्षे आली, अधिक-उणे ९४. खरे अंतर होते १९१८.

दख्खनच्या पठाराचा मुख्य लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यातला बहुतेक भाग दहा लाख वर्षांच्या आतबाहेर ओतला गेला. याला दुसऱ्या घड्याळाची साक्ष आहे: लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या मातीत व राखेत सापडणाऱ्या झिरकॉनच्या स्फटिकांवरचे युरेनियम-शिसे. झिरकॉन घडताना युरेनियमला जागा देतो, शिशाला जवळजवळ देत नाही. त्यात युरेनियम-२३८ (अर्धायुकाल ४४६.८ कोटी) आणि २३५ (७०.४ कोटी) अशी वेगळ्या गतीची दोन घड्याळे एकाच कणात असतात. दोघांनी एकच वेळ सांगितली तर कण निर्दोष. मुंबईचे थर पश्चिमेला कललेले असल्यामुळे किनाऱ्याला आपल्याला नंतरचा खडक भेटतो. मनोरीच्या ट्रॅकाइट या ज्वालामुखी खडकाची वये सहा कोटींच्या आसपास येतात. मधल्या शांत काळातल्या गाळात वरळीच्या टेकडीवर बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत. लाव्ह्यावर लाव्हा सलग ओतत राहिला असता तर बेडकांना डबके कुठून मिळाले असते?

यावर हमखास येणारी शंका अशी की ऱ्हासाचा वेग पूर्वी वेगळा असेल तर? शंका रास्त आहे आणि ती तपासलेली आहे. गॅबनमधल्या ओक्लो इथे सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या साठ्यात नैसर्गिक अणुभट्टी पेटली होती. १९७२ मध्ये तिथल्या युरेनियम-२३५ चे प्रमाण ०.७२० ऐवजी ०.७१७ टक्के दिसले, त्यावरून शोध लागला. तिथले अवशेष सांगतात की अणुकेंद्राचे नियम तेव्हाही असेच होते. १९८७ मध्ये दिसलेला अतिनवतारा दीडएक लाख प्रकाशवर्षांहून दूर होता. त्याचा उजेड ज्या गतीने मंदावला, ती कोबाल्ट-५६ च्या ७७ दिवसांच्या अर्धायुकालाशी जुळली. म्हणजे दीड लाख वर्षांपूर्वीही तोच वेग. आणि साडेचारशे कोटी वर्षांचा ऱ्हास काही हजार वर्षांत दडपला, तर त्यातून सुटणाऱ्या उष्णतेने पृथ्वीचे कवच वितळून जाईल.

विश्वाचे १३८० कोटी मात्र वेगळ्या जातीचे आहेत. तिथे हातात धरायला दगड नाही. दीर्घिका एकमेकींपासून दूर जातात तो वेग आणि सर्व दिशांनी येणारे २.७ केल्विनचे सूक्ष्मलहरी प्रारण एका गणिती प्रारूपात बसवून वय निघते. प्रसरणाचा वेग दोन पद्धतींनी, खगोलशास्त्राच्या एककात, ६७ आणि ७३ असा वेगळा येतो आणि तो वाद अजून मिटलेला नाही. महास्फोटाचा सिद्धांतही 'शून्यातून निर्मिती' सांगत नाही. विश्व एके काळी अतिशय तप्त व दाट होते, इतकेच तो भक्कम पुराव्याने सांगतो. त्याच्या अगदी पहिल्या क्षणार्धासाठी तपासलेला सिद्धांत कोणाकडेच नाही.

म्हणून हिरण्यगर्भ (वेदांतले सृष्टीच्या मुळाशी असलेले सोनेरी बीज) म्हणजे बिग बँग असे समीकरण मांडू नका, ही माझी स्पष्ट सूचना. जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर आयुष्यभर महास्फोटाला पर्याय मांडले. १९९३ च्या प्रारूपात तर विश्व अनादी आणि आवर्तने घेणारे होते. ऐकायला कल्प-प्रलयासारखे, नाही? पण त्याचा आधार निरीक्षणांचा होता, आणि निरीक्षणांनीच बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना दुसरीकडे नेले. त्या प्रारूपाला श्रद्धा बांधली असती तर ती त्याच्याबरोबर पडली असती. उलट बाजूचे उदाहरण जॉर्ज लमेत्र यांचे. महास्फोटाची मूळ कल्पना मांडणारे हे गृहस्थ कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोपनी या सिद्धांतात ईश्वरी निर्मितीचा दाखला पाहिला, तेव्हा हे जुळवणे लमेत्र यांनाच रुचले नाही. त्यांच्या मते सिद्धांताला भौतिकशास्त्र म्हणूनच तपासायला हवे होते.

शेजारीपाजारी हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात असतो, म्हणून दोन ओळी. सहा दिवसांची निर्मिती शब्दशः धरणाऱ्या ख्रिस्ती घरात संघर्ष सर्वांत थेट असतो. जेम्स अशर यांनी बायबलमधल्या वंशावळी मोजून इसवी सनापूर्वी ४००४ हे वर्ष काढले होते. कुराणातही सहा दिवस आहेत, पण ईश्वराचा एक दिवस हजार वर्षांचा असेही तिथेच म्हटले असल्याने अर्थ लावायला वाव राहतो. जैन घरात कर्ताच नाही आणि विश्व अनादी, तेव्हा भांडण आरंभाच्या तारखेवर येत नाही. बुद्धांनी तर विश्व शाश्वत की अशाश्वत, हा प्रश्नच बाजूला ठेवला. आणि ऋग्वेदातले नासदीय सूक्त म्हणते की देवही या निर्मितीनंतरचे, मग ती कुठून झाली हे कोणाला ठाऊक? आजोबांना ते पाठ असण्याची शक्यता आहे. नातवाला अर्थासकट म्हणून दाखवायला सांगा.

परीक्षेत पाठ्यपुस्तकातला आकडा लिहायचा, पूजेत संकल्प म्हणायचा. यात दुटप्पीपणा नाही, पण मुलाने विचारले तर दोन्ही आकडे कसे निघाले ते त्याला मांडून दाखवता आले पाहिजे. वर दिलेली बेरीज त्याच्याकडूनच करून घ्या. गुरु-शनीचे भागाकारही.

आणि एखाद्या रविवारी त्याला आजोबांसह अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला न्या. वर गावदेवीचे देऊळ आहे, खाली गोठलेल्या लाव्ह्याचे उभे खांब. खांबांचे वय, देवळाचे वय आणि त्या दिवसाची तिथी, तिन्ही काढायच्या पद्धती वेगळ्या. कोणती कशाने काढायची ते त्याला तिथेच विचारा. घारापुरीलाही हाच खेळ जमतो: कातळ कोट्यवधी वर्षांचा, कोरीव काम सहाव्या शतकाच्या आसपासचे, आणि कातळाचे वय काढून लेणे केव्हा खोदले ते कधीच कळणार नाही. हातोडी मात्र नेऊ नका. दोन्ही जागा संरक्षित आहेत, आणि उन्हापावसाने कुजलेला बाहेरचा तुकडा वय काढायला तसाही निरुपयोगी.